दार मी बघतो

आता टॉकीज बंद झाली तर जालन्यात ज्याला त्याला गहिवर येऊन राह्यला. मोबाइलवर जुने फोटो टाकतेत, लहानपण आठवलं म्हणतेत. अरे बाबांनो, चालू होती तवा कुठं गेल्ते सगळे? बाराच्या खेळाला मी समोसे तळून बसायचे आन गिऱ्हाईक म्हणून यायचं कोण, तर मागच्या गल्लीतलं मांजर.

मी गिरिजाबाई. एकवीस वर्षं जेठमल टॉकीजचं कॅन्टीन चालवलं. त्याच्या आधी माझा नवरा चालवायचा. तो गेला, तेरा दिवस झाले, आन मोठ्या शेठनी मला बोलावून कॅन्टीनची चावी हातात दिली. जेठमल शेठ जैन माणूस, आजोबा-पणजोबा कधीतरी राजस्थानातून आलेले, पण हे बोलणार आपल्यासारखंच. "बाई, कांदा चालंल, लोकांना लागतो. अंडं मात्र माझ्या टॉकीजात बिलकुल न्हाई," एवढंच म्हणले. त्यांनी माझं घर उभं केलं, खोटं कशाला बोलू.

पण मला सांगायचंय ते सोमेश्वरचं. तोंडावर मी त्याला सोमेश्वरभाऊ म्हणायचे, पाठीमागं नुसतं सोमेश्वर, आन राग आला की दारवाला. राग रोजच यायचा. राजूरच्या अलीकडं त्याचं गाव. बायको दैवशाला तिकडंच, शेत आन दोन म्हशी संभाळून. हा तिकिटाच्या खिडकीमागच्या खोलीत एकटा. काम काय, तर टॉकीजच्या दारात उभं राह्यचं. हातात बॅटरी, खांद्यावर दाराचा काळा परदा. उशिरा आलेल्याला खुर्ची दाखवायची, मधीच उठलेल्याला बाहेर सोडायचं, परत आत घ्यायचं. एकोणतीस वर्षं केलं हे त्यानं. दिवसाला चार खेळ, उभ्यानं.

दाराशी स्टूल होतं. बसायचा न्हाई. मी एकदा म्हणलं, "अहो, टेका की जरा, कोण बघून राह्यलं तुम्हाला?" तर म्हणला, "बाई, बसलं की डोळा लागतो. डोळा लागला की कुणीतरी परदा उघडा टाकून जातं, उजेड पडतो, आन पिच्चरचं वाटोळं होतं." पायाच्या शिरा निळ्या होऊन गाठी आल्त्या. चालताना आधी डावा पाय उचलायचा, मंग उजव्याला सोबत ओढायचा. पण बसायचा न्हाई. असला हेका.

आमचं भांडण हेच. दार उघडलं की माझा धंदा व्हायचा, दार बंद राह्यलं तर त्याची इज्जत व्हायची. लोक कंटाळून बाहेर आले पाह्यजेत, चहा-समोसा घेतला पाह्यजे, हे माझं. आन हा दारात उभा राहून लोकांना समजावणार, "दोन मिनिटं थांबा, आता चांगलं येऊन राह्यलंय." एक माणूस पोट धरून उभा, त्याला जायची जल्दी, आन हा त्याला म्हणतो आता चांगलं येऊन राह्यलंय! त्या माणसानं शिव्या दिल्त्या ते मी कॅन्टीनमधून ऐकलं.

चार वर्षांखाली 'नभकवच' लागला. दक्षिणेकडचा, हिंदी आवाज टाकलेला पिच्चर. आभाळात टांगलेलं एक लोखंडी शहर असतं, त्याच्यावर दुसरीकडून यंत्रांची फौज येते. हिरोच्या अंगावर चिलखत. ते घातलं की गोळी लागत न्हाई, आग लागत न्हाई, आन केसाचा भांगसुद्धा मोडत न्हाई. मला तर त्याच्यातलं काही कळलं न्हाई, पण लोक तुटून पडले. पाच हप्ते चालला. पाच हप्ते म्हंजे एकशेचाळीस खेळ, आन सोमेश्वरनं एकशेचाळीसच्या एकशेचाळीस बघितले. दारात उभा म्हणल्यावर न बघून सांगतो कुणाला.

त्या पाच हप्त्यांत त्याच्या दिमागात एक खूळ शिरलं. लोक कुठल्या वेळी बाहेर पडतेत ते मोजायचं. अंधारात लिहिता येत न्हाई, म्हणून त्यानं चिंचोके आणले. डाव्या खिशात चिंचोके, आन पायाशी एक अंड्याचा ट्रे, त्याचा एक-एक खळगा म्हंजे पिच्चरमधला एक-एक सीन. दार उघडलं की हातानं चाचपून त्या सीनच्या खळग्यात एक चिंचोका टाकायचा. तिसऱ्या दिवशी मोठे शेठ आले, आन त्यांनी बघितलं काय तर अंड्याचा ट्रे. अगं बाई! शेठ कधी आवाज चढवणारे न्हाईत, त्या दिवशी भिंत हलली. "अंडी? माझ्या टॉकीजात?" "शेठ, अंडी न्हाईत, चिंचोके हायेत." "ट्रे तर अंड्याचा हाये!" गेला ट्रे उकिरड्यावर. मंग सोमेश्वरनं माझं थंड बाटल्यांचं क्रेट पळवलं, चोवीस कप्प्यांचं. मी बाटल्या चार हप्ते जमिनीवर मांडल्या. मागितलं तर म्हणायचा, "थांबा बाई, पिच्चर उतरू द्या."

दिवसाचे चार खेळ झाले की तो ते क्रेट मला आणून दाखवायचा. "हे बघा. चौथा कप्पा भरलाय, खलनायकाचं भाषण. आठवा कप्पा, बर्फातलं गाणं, बाप रे, उतू चाललाय." मला आनंदच व्हायचा, त्या गाण्याला माझी अख्खी कढई रिकामी व्हायची. "आन हा तेरावा बघा." तेरावा रिकामा. रोज रिकामा. एकशेचाळीस खेळांत तेराव्या कप्प्यात एक चिंचोका पडला न्हाई.

तेराव्या सीनला काय होतं ते त्यानं मला शंभरदा सांगितलं, म्हणून पाठ झालंय. ते लोखंडी शहर खाली पडायला लागतं. सगळे लोक शेवटच्या यानात चढतेत. मागं आग लागलेली, आन मधलं मोठं लोखंडी दार मशीननं लागत न्हाई. दार लागलं न्हाई तर आग यानात शिरणार, सगळे मरणार. दाराचं चाक हातानं फिरवता येतं, पण ते बाहेरच्या अंगाला हाये. तवा एक म्हातारा मेकॅनिक पुढं येतो. तेलकट कपडे, कपाळावर घाम. त्या पिच्चरमधी घाम आलेला तो एकटाच माणूस. हिरो म्हणतो, हमारे साथ चलो. आन तो म्हणतो, "आप लोग निकलिए. दरवाज़ा मैं देखता हूँ." चाक फिरतं, दार लागतं, यान उडतं. बास. पिच्चर संपेस्तोवर पुन्हा कुणी त्याचं नाव काढत न्हाई. नाव ठेवलेलंच न्हाई तर काढणार काय. शेवटी नावांची मोठी पाटी येते, ती सोमेश्वर रोज खालपर्यंत वाचायचा, ड्रायव्हर आले, चहावाले आले, हा माणूस काही आला न्हाई.

पिच्चर उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन कॅन्टीनला आला. पडद्यावर शेवटी 'भाग दुसरा लवकरच' असं आल्तं ना, मंग दुसऱ्या भागात काय सुधारणा करायची ते कंपनीला कळवायचं म्हणे. माझं अक्षर चांगलं, सातवीपर्यंत शिकले मी. म्हणून मला लिहायला बसवलं. कढईत तेल तापून राह्यलं, आन मी पत्र लिहून राह्यले!

"लिहा, माननीय कंपनी साहेबांस. मी जेठमल टॉकीजच्या दारातला माणूस. पिच्चर चांगला हाये, पण चौथ्या कप्प्याला लोक लघवीला जातेत."

"असं लिहायचं?"

"मंग कसं लिहायचं? जातेत की."

"बाहेर जातात, असं लिहिते."

"बरं. लिहा, खलनायकानं कमी बोलावं. हिरोचं चिलखत पुलावर फुटतं आन खाली उतरल्यावर सांधलेलं असतं. ते कुणी सांधलं ते दाखवावं. हिरोला एकदा तरी दम लागावा. माणूस थकतो हे दिसलं तर त्याच्या मारामारीला काही किंमत येईल. आन गाणी काढून टाकावी."

इथं मी पेन खाली ठेवलं. "गाणी काढायचं मी लिहिणार न्हाई. माझं पोट हाये त्याच्यावर." लई वाद झाला. शेवटी असं ठरलं की गाणं ठेवावं, पण त्या दारातल्या माणसाच्या मागं लगेच ठेवू नये, लोकांना जरा गप बसू द्यावं.

मंग तो क्रेटच्या तेराव्या कप्प्याकडं बघत उभा राह्यला. मी म्हणलं, "झालं का? तेल जळून राह्यलं." तर म्हणला, "शेवटचं एक. दार लावणारा माणूस जगला का मेला, ते तुमचं तुम्ही ठरवा. मेला असंल तर मेला. पण दुसऱ्या भागात कुणीतरी एकदा विचारावं, की तो दारातला माणूस कुठं हाये. एवढं एकच वाक्य. त्याला खर्च काही न्हाई. एकशेचाळीस खेळांत त्या वेळी आमचं दार एकदाही उघडलेलं न्हाई, ही खात्रीची गोष्ट हाये."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, "तुम्हाला एवढं काय पडलंय हो त्याचं?" तो म्हणला, "एवढ्या लोकांना बाहेर काढलं त्यानं बाई. कुणी वळून बघितलं न्हाई. मला रोज बघून वाईट वाटायचं." आन क्रेट उचलून माझ्या बाटल्या परत भरून दिल्या.

आता हे पत्र पाठवायचं कसं? दुसरा माणूस असता तर पत्ता हुडकला असता, तिकीट लावून पोस्टात टाकलं असतं. आमच्या डोक्यात ते आलंच न्हाई. टॉकीजात काम केलेल्या माणसाला एकच रस्ता ठाऊक, पेटी. पूर्वी पिच्चरची रिळं पत्र्याच्या पेटीतून यायची. रीळ तुटलेलं आलं, पोस्टर कमी आले, काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहायची आन परत जाणाऱ्या पेटीत टाकायची. पुढच्या पेटीत उत्तर यायचं, बराबर. एका दिवाळीला पेटीतून आम्हाला चिवडा आल्ता. मंग रिळं गेली, काळ्या प्लास्टिकच्या छोट्या पेटीत डिस्क यायला लागली, फोममधी बसवलेली. आमच्या लेखी पेटी ती पेटीच. वर मशीनवर पप्पू असायचा, ऑपरेटर, चाळिशीचा माणूस. त्यानं लिफाफा घेतला, पडू नये म्हणून फोम उचलून त्याच्या खाली नीट सरकवला. पेटीची एक कडी तुटल्ती, तिथं त्यानं तांब्याची तार पिरगाळून बांधली. गेली पेटी. आम्ही निर्धास्त.

त्याच्यानंतर सोमेश्वरचं एकच. "आता वाचलं असंल." हप्त्यानं, "आता विचार करून राह्यले असतील." वर्षानं, "असल्या मोठ्या पिच्चरला वेळ लागतो बाई." अंगारकीला जालन्याहून राजूरला लोक पायी जातेत, हा त्या पायांनी जायचा आन बाराच्या खेळाला बसनं परत यायचा. मी विचारलं, "काय मागितलं गणपतीला?" तर म्हणे, "दुसरा भाग लौकर येऊ दे." मी म्हणलं, "आन पायाचं?" म्हणला, "पायाचं काय मागायचं, चालून राह्यले की." कपाळावर हात मारला मी.

मधी मोठे शेठ वारले. नातू श्रेणिक बघायला लागला. वाईट पोरगा न्हाई तो, बारा वर्षं पुण्यात राहून आलेला, बोलायला गोड. पण खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या तर तो तरी काय करणार. एक दिवस आम्हाला सगळ्यांना बोलावून म्हणला, "नभकवचचा दुसरा भाग लावून बघू या. तो चालला तर ठीक. न्हाई तर मंगल कार्यालय करावं म्हणतो." सगळ्यांचे चेहरे उतरले. सोमेश्वरचा न्हाई. बाहेर आल्यावर मला म्हणला, "चालंल बाई, आपण सांगितल्तं तसं केलं असंल तर का न्हाई चालणार?"

आन मंग ती झलक आली, दोन मिनिटांची. पप्पूनं मोबाइलवर दाखवली. मारामाऱ्या, स्फोट, हिरोचा भांग, आन मधीच एक क्षण ते लोखंडी दार! तेच, चाकवालं, धुरातलं. सोमेश्वरनं पप्पूच्या हातातून मोबाइलच घेतला. पुन्हा लाव म्हणला. पुन्हा लाव. माझ्याकडं वळला तर डोळे भरून आल्ते त्याचे. "पोचलं बाई. पत्र पोचलं." मलाही खरं सांगते, अंगावर काटा आला. माझं अक्षर तिकडं कुणीतरी वाचलं! त्या दिवशी मी सगळ्यांना फुकट चहा दिला, माझ्यासारखीनं.

पिच्चर शुक्रवारी लागणार होता. गुरुवारी सकाळी दहाला पप्पू जिन्यानं खाली आला, इकडं तिकडं बघितलं आन कॅन्टीनच्या फळीवर एक लिफाफा ठेवला. चपटा झालेला, एका अंगानं पिवळा पडलेला.

"बाई, हे तुमचंच अक्षर ना?"

माझंच होतं. माननीय कंपनी साहेब.

आजच डिस्क आल्ती. पेटी उघडली तर फोम जुना होऊन भुगा व्हायला आल्ता, पप्पूनं तो उचलला, आन खाली हे. पेटीला तांब्याची तार त्यानंच बांधलेली. "कंपनीकडं असल्या चार-पाच पेट्या, त्याच फिरून फिरून येतेत," पप्पू म्हणला. "ह्या चार वर्षांत ही पेटी कितीदा आपल्याकडं आली असंल बाई. मीच उघडली, मीच डिस्क काढली, मीच लावली. फोमच्या खाली कोण कशाला बघंल?" लिफाफा चिकटवलेला तसाच. कुणी उघडलाच नव्हता.

मी लिफाफा पटकन पदराखाली घेतला. पप्पू म्हणला, "सांगायचं का त्याला?" मी म्हणलं, "खबरदार. एक तर दार दिसलंय झलकीत. कुणी सांगावं, त्यांना त्यांच्या मनानंच सुचलं असंल." लिफाफा मी बिस्किटाच्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं. दिवसभर कुणाला बिस्कीट दिलं न्हाई.

शुक्रवारी सोमेश्वर दाढी करून, इस्त्रीचा ड्रेस घालून आला. खिसा चिंचोक्यांनी फुगलेला. क्रेट मी स्वतःच काढून दिलं. बाराच्या खेळाला पन्नासेक माणूस असंल. श्रेणिकनं पोस्टरला झेंडूचा हार घातला आन लोक मोजायला नको म्हणून ऑफिसात जाऊन बसला. पिच्चर सुरू झाला. मध्यांतराच्या थोडं आधी मी गॅस बंद केला आन सोमेश्वरच्या बाजूला परद्याशी जाऊन उभी राह्यले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं जरा सरकून जागा दिली.

हिरो त्या पडलेल्या शहरात परत येतो. सगळीकडं राख, लोखंड वाकलेलं. चालत चालत येतो, आन समोर ते दार. गाणं न्हाई, गडगडाट न्हाई, अख्ख्या टॉकीजात चिडीचूप. हिरो थांबला. चाकाकडं बघितलं. सोमेश्वरचा हात खिशात चिंचोक्यांवर तसाच थांबला. मी मनातल्या मनात म्हणून राह्यले, विचार रे, विचार बाबा, तुझ्या बापाचं काय जातं, एकदा विचार.

हिरोनं हात पुढं केला. हातातून जाळ निघाला, आन दार उडालं. तुकडे तुकडे. त्या धुरातून त्याची मोटारसायकल आरपार निघाली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. दाराच्या पलीकडं काही नव्हतं. हाड न्हाई, टोपी न्हाई, काही न्हाई. तेवढ्यासाठीच दार ठेवल्तं, मोटारसायकल काढायला.

सोमेश्वरनं बॅटरी माझ्या हातात दिली. परदा उचलला, आन बाहेर गेला. माझ्या एकवीस वर्षांत हा माणूस चालू पिच्चरमधून बाहेर पडलेला मी बघितला नव्हता.

मी मागं गेले. कॅन्टीनसमोरच्या बाकड्यावर बसल्ता. बसल्ता! मी चहा ठेवला. त्यानं हात लावला न्हाई. नुसता जमिनीकडं बघून राह्यला.

"वाचलं बाई त्यांनी," म्हणला.

"काय वाचलं?"

"आपलं पत्र. बराबर वाचलं. दार घेतलं ना त्यांनी. दार आवडलं." त्यानं खिशातले चिंचोके बाकड्यावर काढून ठेवले. "माणूस न्हाई आवडला."

मला ते ऐकवलं न्हाई. काल ठरवल्तं की मरेपर्यंत सांगायचं न्हाई, आन इथं उलटंच होऊन राह्यलं. मी सांगितलं न्हाई तर तो जलमभर हेच धरून बसणार, की त्याचं बोलणं त्यांनी ऐकलं आन फेकून दिलं. मी डब्याचं झाकण काढलं आन लिफाफा त्याच्या पुढ्यात ठेवला. "पेटीत सापडला. फोमच्या खाली. कुणी वाचलं-बिचलं न्हाई, बघा, डिंक तसाच हाये. पप्पूला रागावू नका, मीच लपवला."

त्यानं लिफाफा उलटा केला, सुलटा केला. चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आत स्फोट होऊन राह्यले, बाहेर आम्ही दोघं. मला वाटलं आता हा रडतो का मला बोलतो.

"म्हंजे त्यांना ठाऊकच न्हाई," तो म्हणला.

"न्हाई."

"मंग त्यांचा काय दोष?"

लिफाफा घडी करून वरच्या खिशात ठेवला. मंग चहाची कपबशी उचलली, बशीत ओतून प्याला. पिऊन झाल्यावर दोन्ही पाय पुढं लांब केले. "पाय लई दुखून राह्यले बाई," म्हणला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी दुसरा चहा ठेवला. त्या खेळाला दार किती वेळा उघडलं ते कुणालाच ठाऊक न्हाई.

पिच्चर आठ दिवसांत उतरला. पडून राह्यला असं लोक म्हणले, मला तर उठलेलाच दिसला न्हाई. श्रेणिकनं सांगून टाकलं, ह्या हप्त्यानं बंद. शेवटच्या दिवशी दोनच खेळ ठेवले, आन तीनच्या खेळानंतर त्यानं फोटोग्राफर बोलावला. टॉकीजच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा एक फोटो, कार्यालय झाल्यावर तिथं लावायला. श्रेणिक मधी, हातात मोठ्या शेठची तसबीर. बाजूला पप्पू, खिडकीवरचे रामकिसन, झाडूवाली चांगुणाबाई, आन मी, पदर सावरून. आम्हा सगळ्यांना उभं राहून राहून कंटाळा आल्ता. कधी एकदा घरी जाते असं झाल्तं मला.

फोटोग्राफर म्हणला, "सगळे आले?"

श्रेणिकनं एक नजर फिरवली. "हां, आले. काढा."

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आन माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, "अरे, दारातला माणूस कुठं हाये?"

 मंग आतून, त्या काळ्या परद्यामागून आवाज आला. "तुम्ही घ्या उरकून. चार माणसं अजून आत हायेत, त्यांना काढतो. दार मी बघतो."

मी वळून पप्पूकडं बघितलं. पप्पूनं माझ्याकडं बघितलं, त्यालाही कळलं. श्रेणिकला कसं कळणार. तो गोडीत म्हणला, "बाई, ऊन चाललंय, फोटो काळा येईल. घेऊन टाकू या, काकांचा वेगळा काढू." मी सरळ पायऱ्या उतरून खाली आले. "मंग माझ्यावाचून घ्या," म्हणलं. माझ्या मागं पप्पू उतरला, त्याच्या मागं रामकिसन. चांगुणाबाईला कशाचाच पत्ता नव्हता, पण आम्ही उतरलो म्हणून तीही उतरली. आता तसबीर घेऊन एकटा श्रेणिक कसा फोटो काढणार? थांबला बिचारा.

लई वेळ लागला. शेवटच्या चार माणसांत एक म्हातारा होता, काठीवाला, एकेक पायरी जपून उतरणारा. त्याला हाताला धरून सोमेश्वरनं रस्त्यापर्यंत सोडला. परत गेला, दार लावलं, कडी घातली, कुलूप ओढून बघितलं. मंग आला, आधी डावा पाय, मंग उजवा. मी त्याला धरून मधी उभा केला. श्रेणिक आपणहून बाजूला सरकला, तेवढं त्याचं चांगलंपण मान्य केलं पाह्यजे. सोमेश्वर म्हणत होता, "अहो बाई, मला कशाला," आन मी म्हणलं, "गप उभे राहा."

आता तो गावी असतो. कार्यालय सुरू झालं, तिथं स्वयंपाकाच्या कामाला मी जाते. ऑफिसात फोटो लावलाय, खाली नावं छापलीत. नावं मीच लिहून दिल्ती, त्याचं पहिलं. मागच्या हप्त्यात त्याचा फोन आल्ता, दैवशालाच्या मोबाइलवरून. पायाचं विचारलं, म्हशीचं विचारलं. मंग त्यानं जरा अडखळत विचारलं, "फोटोत आलो का हो मी?"

"आलात की. पण काय उपयोग, डोळे मिटलेले आलेत. उभ्या उभ्या झोपल्यासारखे."

तिकडं तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असंल.

"बरं झालं," म्हणला. "एकोणतीस वर्षांची झोप राह्यल्ती."